वाचक विचारतात : हॅकनीच्या वाड्यातली बिऱ्हाडं

प्रश्न : ताई, मुलगी लंडनला असते, जूनमधे आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. मागच्या वेळी राजवाडे, किल्ले सगळं उरकलं, पाय दुखले आणि डोक्यात काहीच राहिलं नाही. यावेळी एखादं जुनं घर बघायचंय, जिथे माणसं खरंच राहिली असं. आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी बिल्डरला गेला, त्यामुळे असेल कदाचित, पण हल्ली घरात कोण कोण राहून गेलं याचंच कुतूहल वाटतं.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मग पूर्व लंडनमधल्या हॅकनीचं सटन हाउस बघा. बाहेरून बघाल तर म्हणाल, हेच का ते? रस्त्याला लागून विटांचं घर, अठराव्या शतकात दर्शनी भाग बदलला त्यामुळे जुनेपणा आत गेल्याशिवाय कळतच नाही. घर 1535 चं. राल्फ सॅडलर नावाच्या आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या माणसानं बांधलं, तेव्हा हॅकनी म्हणजे लंडनबाहेरचं गाव होतं, आसपास सगळी लाकडी घरं आणि याचं एकट्याचं विटांचं, म्हणून लोक त्याला ब्रिक प्लेस म्हणायचे. 1550 मधे त्यानं ते एका कापडाच्या व्यापाऱ्याला विकलं आणि मग बिऱ्हाडं बदलत राहिली... सतराव्या शतकात मुलींची शाळा, फ्रान्समधून धर्माच्या जाचाला कंटाळून आलेले रेशीम विणणारे, पुढे मधे भिंत घालून घराची दोन घरं (हे तुम्हाला पुण्यात नवीन नाही!), मग चर्चचा पुरुषांसाठीचा क्लब. 1938 मधे नॅशनल ट्रस्टनं, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेनं, घेतलं तरी लोक येतच राहिले, युद्धात आग विझवणारे वॉर्डन, नंतर एका कामगार युनियनचं ऑफिस.

खालच्या एका खोलीत भिंतींना ओकच्या फळ्या आहेत, त्यावर कापडाच्या घड्या कोरल्यात, इतक्या हुबेहूब की हात लावून बघावंसं वाटतं (लावू नका, ओरडतात). काही फळ्या बिजागरीवर उघडतात, मागची जुनी भिंत दिसते. ऐंशीच्या दशकात घर रिकामं पडलं तेव्हा या फळ्या चोरीला गेल्या होत्या, जुन्या वास्तूंचं सामान विकणाऱ्या एकानं त्या ओळखल्या म्हणून परत मिळाल्या.

पण मला विचाराल तर फळ्यांपेक्षा माळ्यावरची खोली आधी बघा. त्याच रिकाम्या काळात तिथे स्क्वॉटर घुसले, म्हणजे रिकाम्या घरात परस्पर बस्तान मांडणारी पोरं. घराचं नाव ठेवलं ब्लू हाउस, गाण्याचे कार्यक्रम करायचे. त्यांना बाहेर काढलं, पुढे इथे फ्लॅट करायचा बेत होता, तो हॅकनीच्या लोकांनी हाणून पाडला आणि घर दुरुस्त झालं. दुरुस्तीत त्या पोरांनी भिंतीवर काढलेली चित्रं पुसली नाहीत, खाली सोळाव्या शतकातलं कोरीवकाम आणि वर या स्क्वॉटर पोरांचा रंग. मी तिथे पंधरा मिनिटं नुसती उभी होते, नवरा खाली चहाची वाट बघत बसला.

जिने अरुंद आहेत, गुडघे सांभाळा. उघडायचे दिवस बदलतात म्हणून निघण्याआधी वेबसाइटवर बघूनच जा.

योगायोग बघा, याच घराबद्दल आणखी एक पत्र आलंय.

प्रश्न : आम्ही सटन हाउस बघून आलो, छान आहे. पण घर सॅडलरनं बांधलं, मग हा सटन कोण? गाइडला विचारायचं राहून गेलं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : थॉमस सटन, चार्टरहाउस शाळेचा संस्थापक, त्या काळातला मोठा श्रीमंत. तो याच घरात राहायचा असा लोकांचा समज झाला आणि नाव पडलं. प्रत्यक्षात तो शेजारच्या घरात राहायचा. ते घर पुढे पाडलं, नाव मात्र शेजाऱ्यांकडे राहिलं.