नोकरी गेली, तर मुलीची पोटगी थांबते का?

प्रश्न : एका कारखान्यात नऊ वर्षे काम केल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी कामगार कपातीत माझी नोकरी गेली. पगार दरमहा १८,००० रुपये होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झालेल्या आदेशानुसार आठ वर्षांच्या मुलीसाठी दरमहा ५,००० रुपये पोटगी मी तिच्या आईच्या खात्यात भरत होतो. गेल्या दोन महिन्यांची पोटगी भरता आलेली नाही. उत्पन्नच नसताना हा आदेश लागू राहतो का? बेकारी भत्ता मिळाला, तर त्यातूनही पोटगी द्यावी लागेल का? – एक वाचक

उत्तर : नोकरी गेली म्हणून पोटगीचा आदेश आपोआप थांबत नाही. न्यायालय तो बदलत नाही तोवर दर महिन्याची रक्कम देय होत राहते आणि थकबाकी साचत जाते. पुरेशा कारणाशिवाय ती न भरल्यास वसुलीचे वॉरंट निघू शकते आणि त्यानंतरही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली की देणे फिटते, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

मात्र परिस्थिती बदलल्यास पोटगीची रक्कमही बदलून मागता येते. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून, आदेशात बदल करण्याची तरतूद तिच्या कलम १४६ मध्ये आहे. ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथेच हा अर्ज करा आणि तो याच आठवड्यात करा, असा माझा आग्रह आहे. अर्ज करण्याआधीच्या महिन्यांची थकबाकी माफ होईल, अशी आशा धरू नये. त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना तुमच्याच अंगावर येतो. अर्जासोबत कपातीचे पत्र, शेवटच्या पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि नवे काम शोधत असल्याचे पुरावे जोडा. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. धडधाकट माणसाने मिळेल ते काम करून मुलांना पोसावे, अशीच न्यायालयांची भूमिका राहिली आहे, म्हणून ‘काम नाही’ एवढे म्हणून भागणार नाही. तुम्ही राजीनामा दिलेला नाही, तुम्हाला कमी करण्यात आले आहे, ही बाब मात्र तुमच्या बाजूची आहे.

आता भत्त्याविषयी. तुमचा पगार २१,००० रुपयांच्या आत असल्याने तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेचे सदस्य असणार, असे मी धरतो. ती चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्यात विमा वर्गणीच्या अटी पूर्ण करणाऱ्या आणि स्वतःची चूक नसताना बेकार झालेल्या सदस्याला सरासरी दैनिक कमाईच्या निम्मी रक्कम, आयुष्यात एकूण जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. तुमच्या पगाराच्या हिशेबाने ती दिवसाला सुमारे ३०० रुपये, म्हणजे एकूण सुमारे २७,००० रुपये होईल. ही योजना ठरावीक मुदतीची असून ती वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा सध्याची स्थिती आपल्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. हा भत्ता आणि कपातीपोटी कारखान्याकडून मिळालेली भरपाई, दोन्ही प्रतिज्ञापत्रात दाखवावीच लागतील. लपवलेली रक्कम पुढे बँकेच्या उताऱ्यात दिसली, तर तुमच्या खऱ्या अडचणीवरही न्यायालयाचा विश्वास बसणार नाही.

अर्ज प्रलंबित असताना हात अगदीच आखडू नका. भरपाईतून किंवा भत्त्यातून जमेल तेवढी रक्कम, हजार-दोन हजार का असेना, दर महिन्याला बँकेतूनच पाठवा. रोख देऊ नका. मुलीच्या शाळेची फी आणि औषधपाणी तुमच्या नोकरीसाठी थांबणार नाही, आणि तुमची नियत न्यायालयासमोर सिद्ध करणारा याहून चांगला कागद दुसरा नाही. मुलीच्या आईलाही परिस्थिती लेखी कळवा. दोघांनी मिळून काही महिन्यांसाठी कमी रक्कम ठरवली, तरी ती न्यायालयात नोंदवून घ्या, कारण तोंडी समझोत्यावर वसुली थांबत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मागण्याचा हक्क दिला आहे. स्त्री म्हणून तोच हक्क मुलीच्या आईलाही आहे, हे त्यांना पाठवायच्या पत्रात अवश्य लिहा.