किटवर लोह शून्य दिसतंय, म्हणून लगेच डोस सुरू करू नका

तुमचा प्रश्न असा, की खाऱ्या पाण्याच्या टँकला जोडलेल्या रिफ्युजियममधलं (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातलं) केटोमॉर्फा, म्हणजे पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शोषणारं तारांसारखं हिरवं शेवाळ, पिवळट पडलंय, टेस्ट किट लोह शून्य दाखवतंय, तर आयर्न सप्लिमेंट घालावं का.

शून्य येणारच हो. मोकळ्या समुद्राच्या वरच्या थरात लोह बहुतेक ठिकाणी लिटरला 0.05 मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. माझ्या किटवरचा सगळ्यात फिका रंग 0.05 मिलिग्रॅमचा, म्हणजे त्याच्या हजारपट. त्या किटवर रंग उमटलाच, तर डोस हाताबाहेर गेलाय असं समजा.

टँकचं पाणी ग्लासात घेऊन त्यात चिमूटभर फेरस सल्फेट टाका. थोड्या वेळात पाणी पिवळट-तपकिरी, गढूळ होतं आणि तळाशी गंजाचा गाळ बसतो. 8.2 पीएचच्या, ऑक्सिजन भरपूर असलेल्या पाण्यात फेरस लोह काही मिनिटांत फेरिक होतं आणि ते जवळजवळ विरघळतच नाही. शिवाय तळाशी बसताना ते पाण्यातलं फॉस्फेटही ओढून नेतं. रिअॅक्टरमध्ये (पाणी ज्यातून फिरवतो त्या नळकांड्यात) आपण फेरिक ऑक्साईडचे दाणे वापरतो ते याच गुणासाठी. म्हणून बाटलीतलं लोह विरघळलेलं राहावं यासाठी ग्लुकोनेट, सायट्रेट किंवा ईडीटीए अशा रसायनाला बांधलेलं, म्हणजे ‘चिलेटेड’ असतं. बागेच्या खतातलं ‘चिलेटेड आयर्न’ मात्र नको. त्यात कधीकधी तांबंही असतं आणि तांब्याने कोळंबी, गोगलगायी जातात.

माझ्या मते तुमचं दुखणं लोहाचं नसून फॉस्फेटचं किंवा नायट्रेटचं असण्याची शक्यता जास्त. दोन्हींपैकी एक शून्यावर असेल तर केटो (केटोमॉर्फा) तसंच फिकटतं, आणि वरून लोह घातलंत तर उरलेलं फॉस्फेटही जाईल. दोन्ही मोजता येण्याइतके असतील, दिवा बरा असेल, तरी रंग येत नसेल, तरच बाटली उघडा. लेबलवरच्या डोसच्या पाव भाग, आठवड्यातून एकदा, थेट रिफ्युजियममध्ये. जुन्या तारा बघू नका, नव्या वाढीचा रंग बघा.

मी एकदा उत्साहात रोज दुप्पट डोस दिला. केटो हिरवंगार झालं खरं, पण दगडांवर केसाळ शेवाळाचा असा गालिचा आला की टूथब्रश घेऊन महिनाभर खरवडत बसलो.

पॅसिफिकमधल्या पाल्मायरा बेटाजवळ 1991 मध्ये एक मासेमारी जहाज फुटलं. लोह अगदी कमी असलेलं ते पाणी. पुढे त्या गंजत्या सांगाड्याभोवती कोरॅलिमॉर्फ (प्रवाळांचे सांगाडा नसलेले भाऊबंद, आपण टँकमध्ये ज्यांना मशरूम म्हणतो ते) इतके माजले की प्रवाळ त्यांच्याखाली दबले. शेवटी 2013 मध्ये तो सांगाडाच उचलून न्यावा लागला. आपल्या टँकमध्ये मशरूम पसरायला लागले की मला ते हटकून आठवतं.

नायट्रेट, फॉस्फेटचे आकडे आणि फेरिक ऑक्साईड चालू आहे का ते इथेच लिहा, मग डोसचं बोलू.