बातमीतली तारीख आणि दारातली केबल

प्रश्न : फायबर ब्रॉडबँडची केबल टाकायचं काम "अंतिम टप्प्यात", "येत्या तिमाहीत घरोघरी कनेक्शन" अशा बातम्या मी कधीपासून वाचतोय. तारीख येते, निघून जाते, मग पुढची तारीख छापून येते, आणि मधल्या तारखेचं काय झालं हे कुणीच लिहीत नाही. आता तर अशी बातमी दिसली की मी पुढे सरकतो. मीडियावाले सरळ खोटं छापतात का, की कंपन्या आणि सरकारं त्यांना फसवतात? – एक वाचक

उत्तर : तुमचा वैताग अगदी रास्त आहे. पण "सगळं खोटं" म्हणून सोडून दिलं तर नेमकं काय चुकतंय तेच हातातून निसटतं. माझं मत असं आहे की बातमीतला आकडा बहुतेक वेळा खरा असतो, फक्त तो तुम्हाला ज्या गोष्टीची वाट आहे तिचा नसतो.

आता हेच बघा, "एवढे किलोमीटर केबल टाकून झाली" अशी बातमी आली. यात पहिला प्रश्न, कुठले किलोमीटर? रस्त्याच्या कडेने मोजलेलं अंतर की आतल्या फायबरची, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची, एकूण लांबी? एका केबलमध्ये ४८ फायबर असतील तर १०० किलोमीटरच्या मार्गावर ४,८०० फायबर किलोमीटर होतात, दोन्ही आकडे खरे, पण हेडलाइनमध्ये कुठला जाईल हे तुम्हीच ओळखा. आणि केबल टाकली म्हणजे चालू झाली असं अजिबात नाही. आधी मार्गाचा सर्व्हे, मग खोदायच्या परवानग्या म्हणजे राइट ऑफ वे, आणि घोडं सगळ्यात जास्त इथेच अडतं, कारण रस्ता एकाचा, पूल दुसऱ्याचा, रेल्वे क्रॉसिंग तिसऱ्याचं, जंगलाची जमीन चौथ्याची, आणि यातल्या एकाची सही राहिली तरी दोन्ही बाजूंची तयार केबल मधल्या तुकड्यासाठी नुसती पडून राहते. परवानगी मिळाली की चर खोदून डक्ट (केबलसाठीचा पाइप) टाकतात, डक्टमधून केबल ओढतात किंवा हवेच्या दाबाने पुढे ढकलतात.

मग येतो जॉइंट, म्हणजे केबलच्या दोन तुकड्यांची जोडणी. हे काम जवळून बघितलं ना, की तारखा का चुकतात ते चटकन कळतं. फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे साधारण केसाएवढी, आणि उजेड जातो तो तिच्या मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनमधून. वरचं कोटिंग सोलायचं, काच अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने टोक सरळ काटकोनात कापायचं, दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची, मशीन ठिणगीने ती वितळवून जोडतं, मग वरून स्लीव्ह चढवून ती गरम करून बसवायची आणि फायबर ट्रेमध्ये गुंडाळून ठेवायचं. हे एका फायबरचं झालं. ४८ असतील तर ४८ वेळा, प्रत्येक जॉइंटवर, तेही पाऊस नसताना आणि धूळ उडत नसताना. त्यानंतर ओटीडीआर (फायबरमध्ये उजेड सोडून दोष शोधणारं यंत्र) लावून टेस्ट, कुठे लॉस, म्हणजे उजेडाची घट, जास्त आला तर तो जॉइंट उघडून परत करायचा. एवढं सगळं होऊन एक्स्चेंजच्या बाजूला ओएलटी (फायबरमध्ये सिग्नल सोडणारं यंत्र) लागतो, मध्ये एका फायबरचा सिग्नल अनेक घरांत वाटणारे स्प्लिटर लागतात, आणि शेवटी तुमच्या घरापर्यंत ड्रॉप केबल आणि आत तो उजेडाचा सिग्नल इंटरनेटसाठी बदलून देणारा छोटा ओएनटी डबा. बातमी यातल्या कुठल्याही पायरीवर होऊ शकते. तुम्हाला हवी असते शेवटची पायरी, आणि छापून येते बहुतेक पहिली नाहीतर दुसरी.

इंडस्ट्रीत "होम्स पास्ड" म्हणून एक आकडा चालतो. त्याचा अर्थ एवढाच की नेटवर्क त्या घराजवळून गेलंय, मागितलं तर कनेक्शन देता येईल. प्रत्यक्ष जोडलेली घरं हा वेगळा आकडा आणि तो कायम कमी असतो. भारतनेटमध्येही (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्र सरकारची योजना) ग्रामपंचायती "सर्व्हिस रेडी" म्हणून मोजल्या जातात, म्हणजे सेवा देता येईल अशी स्थिती, तिथे आज कुणी इंटरनेट वापरतंय असा त्याचा अर्थ होत नाही. बातमीत हे "गावं जोडली गेली" असं होऊन येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं झालं काम.

भारतनेटच्या तारखा एका ओळीत मांडून बघा. ऑक्टोबर २०११ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली (तेव्हा नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क), अडीच लाख ग्रामपंचायती, मुदत दोन वर्षं. त्यातल्या पहिल्या एक लाखाचा टप्पा पुरा झाला डिसेंबर २०१७ मध्ये. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की १,००० दिवसांत सहा लाखांहून जास्त गावं फायबरने जोडणार. ते १,००० दिवस मे २०२३ मध्ये संपले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने पुढच्या कामासाठी १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. घोषणांच्या मोठ्या बातम्या झाल्या. मुदत संपली त्या दिवशी तेवढीच मोठी बातमी व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २००९ मध्ये आठ वर्षांत ९० टक्के घरांपर्यंत फायबर नेण्याचं जाहीर केलं. २०१३ मध्ये सरकार बदललं, प्लॅन बदलला, बऱ्याच घरांना फायबरऐवजी जुन्याच तांब्याच्या तारा आणि टीव्ही केबलवरून सेवा द्यायचं ठरलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये नेटवर्क बांधून पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पूर्ण झालं, बरोबर, पण २००९ ला जे सांगितलं होतं ते हे नव्हतंच. ब्रिटनमध्ये २०१९ ला, त्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी २०२५ पर्यंत घरोघरी फुल फायबर (थेट घरापर्यंत फायबर) म्हटलं, त्याच वर्षी त्याचं "गिगाबिट" (नुसता सेकंदाला एक गिगाबिटचा वेग) झालं, ज्यात अपग्रेड केलेली टीव्ही केबलही धरतात, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्य किमान ८५ टक्क्यांवर आलं. म्हणजे तारीख तीच राहिली आणि तिच्याखालचं काम बदलत गेलं. सगळ्यात जास्त फसगत मला वाटतं इथे होते, कारण आपण सगळे तारखेवर लक्ष ठेवून असतो.

आणि हा प्रकार इंटरनेटच्याही कितीतरी आधीचा आहे. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागरातून पहिली तारेची केबल टाकून झाली, पेपरांनी ती डोक्यावर घेतली, न्यूयॉर्कमध्ये एवढी आतषबाजी झाली की सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला १६ तास लागले होते. काही आठवड्यांतच केबल बंद पडली, मग काही लोक म्हणायला लागले की हा सगळा बनावच होता. कायमची चालणारी केबल व्हायला १८६६ उजाडलं. आधी डोक्यावर घ्यायचं आणि मग बनाव म्हणायचं, ही दोन्ही टोकं तेव्हाही होती.

आता कोण फसवतं ते. माझ्या मते बातमीदार बहुतेक वेळा फसवत नाही, त्याच्याकडे प्रेस नोट येते, संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते, आणि प्रेस नोटमध्ये "उद्दिष्ट आहे", "अपेक्षित आहे" असं लिहिलेलं असतं ते हेडलाइनपर्यंत जाताना "होणार" होतं. कंपनीलाही लवकरची तारीख सोयीची असते, गुंतवणूकदार खूश राहतात आणि ग्राहक दुसरीकडे जात नाहीत. पण मीडियाची एक चूक मी माफ करणार नाही, ती म्हणजे जुनी तारीख न तपासता नवी छापणं. स्वतःच्याच पेपरची मागची बातमी काढून बघायला फार तर दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : मग नवी तारीख छापून आली तर ती किती धरायची? सध्याच्या कनेक्शनचा लाँग टर्म प्लॅन रिन्यू करू की थांबू, हे मला ठरवायचंय. – आणखी एक वाचक

उत्तर : रिन्यू करा, पण शक्यतो महिन्याच्या किंवा तिमाहीच्या प्लॅनवर. थोडं महाग पडलं तरी अडकून राहणार नाही.

बातमी वाचताना मी आधी बघतो की त्यात परवानग्यांबद्दल काही आहे का. "खोदकामाच्या परवानग्या मिळाल्या" असं स्पष्ट नसेल तर ती तारीख मी मनावर घेत नाही. टक्केवारी असेल तर कशाची टक्केवारी हे शोधतो, कारण ७० टक्के काम झालं म्हणजे उरलेलं ३० टक्के त्याच वेगाने होईल असं नसतं. कंपन्या सहसा दाट वस्तीचे, सोपे मार्ग आधी उरकतात आणि लांबची, डोंगरातली, दोन-चार घरांची ठिकाणं मागे ठेवतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात वेग हमखास पडतो आणि सरळ रेषेत काढलेली तारीख तिथेच कोसळते. समुद्राखालच्या केबलचं तर अजून वेगळं, खोल पाण्यात जहाज दिवसाला १०० किलोमीटरच्या वर केबल सोडू शकतं, पण त्याआधीचा सर्व्हे आणि देशोदेशीच्या परवानग्या यांना महिनोन् महिने, कधी वर्षं जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत लाल समुद्रात तीन केबल तुटल्या तेव्हाही दुरुस्ती रखडली त्यात परवानग्यांचा मोठा वाटा होता, नुसत्या जोडणीला एवढा वेळ लागत नाही.

शक्य असेल तर बातमी सोडून मूळ कागदावर जा. सरकारी योजना असेल तर संसदेत लेखी उत्तरं दिली जातात, त्यात किती ठिकाणी काम झालं हे आकड्यात असतं आणि ते सगळ्यांना वाचता येतं. दोन वेगवेगळ्या अधिवेशनांमधली उत्तरं शेजारी ठेवली की खरा वेग कळतो. कंपनीला फोन केलात तर "कधी येणार" विचारू नका, "माझ्या पत्त्यावर आज ऑर्डर घेता का" एवढंच विचारा. ऑर्डर घेत असतील तर इन्स्टॉलेशनची तारीख लेखी मागा, मेल किंवा मेसेज चालेल.

प्रश्न : "प्रकल्प फसला, पैसे पाण्यात" अशा बातम्यांवर तरी विश्वास ठेवायचा का? – तोच वाचक

उत्तर : त्यांनाही तीच चाळणी लावा. उशीर झाला हे खरं असू शकतं, पण "फक्त इतकी टक्के घरं जोडली" असं लिहिलेलं असेल तर बघा की नेटवर्क पोचूनही लोकांनी घेतलं नाही की नेटवर्कच पोचलं नाही. पहिल्यात दर, सेवा किंवा गरज यांचा प्रश्न असतो, दुसऱ्यात खोदकामाचा, आणि बातमीत हे दोन्ही एकाच वाक्यात कोंबलेले मी अनेकदा बघितलेत. जी बातमी हा फरक सांगते ती पूर्ण वाचा, लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेले असतात.