झोपेआधीचा तास : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा आली आहे. शरीर दमून घरी आलेले असते, पण मन कामावरून परतलेलेच नसते. रात्री झोपण्यापूर्वी ताण उतरावा आणि दुसऱ्या दिवसासाठी बळ यावे, यासाठी नेमके काय करावे, अशी विचारणा करणारी काही पत्रे गरजेपुरती संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : मी हिशेब तपासणीचे काम करतो. रात्रीचे जेवण, आवराआवर सारे वेळेवर होते. पण अंथरुणाला पाठ टेकताच दिवसभर न आठवलेल्या गोष्टी आठवू लागतात. कोणाला उत्तर द्यायचे राहिले, वरिष्ठांसमोर मी काय बोलून गेलो, उद्याच्या बैठकीत काय होईल. दोन-दोन तास डोळ्याला डोळा लागत नाही. झोपताना असे काय करावे, की हे विचार थांबतील?

तुमच्या अडचणीवरचा उपाय झोपण्याच्या वेळेपेक्षा काम संपण्याच्या वेळेत अधिक आहे, असे मला वाटते. दिवसभर एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मनाला मागे वळून पाहण्याची सवडच मिळत नाही. ती मिळते थेट रात्री, अंधाऱ्या खोलीत, जेव्हा कोणत्याच गोष्टीबाबत काही करता येण्यासारखे नसते. अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मनात अधिक रेंगाळतात, हे निरीक्षण मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले होते. त्यामुळे ‘आता विचार करू नकोस’ असे मनाला बजावण्याचा उपयोग होत नाही. ते काम कोठेतरी सुरक्षित नोंदले गेले आहे, याची खात्री मनाला पटावी लागते.

अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडेल. ५७ तरुण-तरुणींना झोपेच्या प्रयोगशाळेत ठेवून त्यांतील निम्म्यांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील काही दिवसांत करायची कामे लिहायला सांगितले, तर उरलेल्यांना नुकतीच पूर्ण केलेली कामे लिहायला सांगितले. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांनी ती अधिक नेमकेपणाने लिहिली होती त्यांना अधिक लवकर लागली. उद्याच्या कामांची यादी केल्याने काळजी वाढेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलट घडते.

यादीचा नेमकेपणा फार महत्त्वाचा आहे. ‘अहवाल पूर्ण करणे’ असे लिहून मनाचे समाधान होत नाही, कारण त्यात करायचे काय हे शिल्लकच राहते. ‘सकाळी दहापूर्वी तिसऱ्या तक्त्यातील बेरीज पुन्हा तपासणे, फरक राहिला तर मूळ पावत्या मागवणे’ असे लिहिले, म्हणजे पहिले पाऊल कोणते ते ठरून जाते. कार्यालयातील टेबलावरून उठण्यापूर्वीची शेवटची दहा मिनिटे यासाठी राखून ठेवा, म्हणजे रात्री फार थोडे उरेल. जे उरेल त्यासाठी उशाशी नव्हे, तर दुसऱ्या खोलीत वही ठेवा आणि झोपण्याच्या तासभर आधी तीत लिहा.

वरिष्ठांशी झालेल्या बोलण्यासारख्या गोष्टी यादीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी एक वेगळी ओळ लिहावी, आणि तिच्यापुढे ‘यावर उद्या काही करता येईल का’ या प्रश्नाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर लिहावे. ‘हो’ असेल तर ते काम यादीत जाईल. ‘नाही’ असेल तरीही ते स्वतःच्या अक्षरात समोर दिसण्याने सल थोडा बोथट होतो. सल पूर्ण जाईल असे आश्वासन मी देत नाही, पण रात्री दोन तास स्वतःची उलटतपासणी घेण्याची गरज बरीच कमी होईल.

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. दिवस वेदना, रडणे आणि नातेवाइकांचा संताप यांत जातो. घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही. एक मैत्रीण म्हणते, की इतरांची नकारात्मक ऊर्जा आपल्याला चिकटते आणि ती रोज संध्याकाळी मनोमन धुऊन काढावी लागते. यात तथ्य आहे का?

अशी ऊर्जा कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही, त्यामुळे ती चिकटते असे मी म्हणणार नाही. मात्र तुमच्या मैत्रिणीने जे अनुभवले आहे ते खोटे नाही. समोरच्याचा चेहरा, आवाज आणि हालचाल यांतून त्याची भावना नकळत आपल्यात उतरते, याचा मानसशास्त्रात ‘भावनिक संसर्ग’ या नावाने अभ्यास झाला आहे. शिवाय तुम्हाला आणखी एक काम करावे लागते, ज्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. आत गलबलून आलेले असताना चेहरा शांत ठेवायचा, ओरडणाऱ्या माणसाशी मऊ आवाजात बोलायचे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये याला ‘भावनिक श्रम’ म्हटले. श्रम म्हटले की थकवा आलाच, आणि तुमचा थकवा पूर्णपणे खरा आहे.

पाळी बदलताना तुम्ही प्रत्येक रुग्णाची स्थिती, दिलेली औषधे आणि पुढे लक्ष ठेवण्याच्या गोष्टी पुढच्या परिचारिकेच्या हाती सोपवता. कागदावर सोपवलेला रुग्ण मनाने मात्र सोबत घरी येतो. म्हणून घरी पोहोचल्यावर, कोणाशीही बोलणे सुरू करण्यापूर्वी, कपडे बदला आणि कोपरापर्यंत हात सावकाश धुवा. रुग्णालयात धुता तसे घाईने नव्हे, तर पाण्याचा स्पर्श जाणवेल इतक्या संथपणे. त्या वेळी जो रुग्ण सर्वाधिक आठवत असेल त्याच्याविषयी स्वतःला दोन वाक्ये सांगा : आज मी त्याच्यासाठी काय केले, आणि या क्षणी त्याच्याजवळ कोण आहे. मैत्रीण ज्याला धुऊन काढणे म्हणते ते हेच आहे, असे मानायला माझी हरकत नाही. एखाद्या मृत्यूचे किंवा अपघाताचे दृश्य मात्र आठवडे उलटले तरी डोळ्यांपुढून हटत नसेल, तर ते अशा विधीवर सोपवू नका, समुपदेशकाशी बोला.

प्रश्न : रात्रीचे स्नान गरम पाण्याने करावे की गार?

कोमट ते गरम पाण्याने, आणि झोपण्याच्या अगदी तोंडावर नव्हे, तर एक ते दोन तास आधी. झोप येण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतील उष्णता बाहेर पडू लागते आणि स्नानानंतर हे तापमान अधिक वेगाने उतरते. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने या वेळेत दहा मिनिटे केलेले स्नानही झोप लवकर येण्यास पुरेसे ठरते, असे दिसले. पूर्ण स्नान शक्य नसेल तर पाय गरम पाण्यात बुडवून बसावे.

प्रश्न : संध्याकाळी सहाच्या सुमारास कॉफी घेतली की थकवा जातो आणि उरलेला दिवस नीट जातो. ती सोडावी का?

कॉफीने थकवा जात नाही, तो जाणवायचा थांबतो. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. कॅफिन त्याच्या ग्राहींवर, म्हणजे ते द्रव्य मेंदूत जेथे चिकटते त्या जागांवर, जाऊन बसते, त्यामुळे मेंदूपर्यंत तो निरोप पोहोचत नाही. शरीरातील कॅफिन निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच अधिक. म्हणजे सहाच्या कॉफीचा निम्मा अंश रात्री अकराला जागाच असतो. दुपारनंतर कॅफिन टाळून दोन आठवडे पाहा. संध्याकाळच्या मरगळीवर मोकळ्या हवेत पंधरा मिनिटे चालणे हा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो.

प्रश्न : श्वासावर लक्ष केंद्रित करायला बसलो की मलाच गुदमरल्यासारखे होते. दुसरा काही मार्ग आहे का?

आहे, आणि अनेकांना तो श्वसनापेक्षा सोपा जातो. श्वासाकडे बारकाईने पाहू लागल्यावर काहींची अस्वस्थता वाढते, यात तुमचे काही चुकत नाही. शिकागो येथील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची पद्धत विकसित केली आणि १९२९ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. आज प्रचलित असलेल्या तिच्या सुटसुटीत रूपात एक स्नायुगट काही सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून द्यायचा आणि दोन्ही अवस्थांतील फरक अनुभवायचा, एवढेच करायचे असते.

पाठीवर झोपा. उजव्या हाताची मूठ वळा. पूर्ण ताकदीने नव्हे, बोटांच्या पेरांना ताण जाणवेल इतकीच. पाचेक सेकंदांनी ती अर्धवट न सोडता एकदम सोडा आणि वीस-तीस सेकंद हात तसाच पडू द्या. तळवा किंचित उबदार वाटेल, बोटे आपोआप थोडी वळलेल्या अवस्थेत स्थिरावतील. मग डावा हात, दोन्ही दंड, कपाळ आणि डोळे. त्यानंतर जबडा, तेथे थोडे थांबा, कारण दिवसभराचा राग आणि गिळलेले शब्द बहुतेकांच्या दातांमध्ये अडकलेले असतात, आणि जबडा सुटल्यावर आपण तो इतका वेळ आवळून ठेवला होता हे पहिल्यांदा लक्षात येते. पुढे खांदे कानांकडे उचलून सोडा, पोट, मांड्या, आणि शेवटी पावले. पोटरीत पेटके येत असतील तर पावले ताणू नका, नुसती सैल सोडा. दुखापत झालेला भाग वगळावा. पहिले काही दिवस हा सराव झोपेसाठी म्हणून न करता संध्याकाळी बसून करावा. हात बसला की रात्री तो निम्म्या वेळात होतो.

प्रश्न : नोकरी आणि घरातील आजारी ज्येष्ठांची शुश्रूषा यांतून रात्री साडेदहानंतर मी मोकळी होते. तेवढाच वेळ माझा. मग मोबाइल पाहत एक वाजतो. सकाळी पश्चात्ताप होतो, पण सोडवत नाही.

तुमच्या पत्रातील ‘माझा’ हा शब्द मी पुन्हापुन्हा वाचला. बाहेरचे काही कारण नसताना झोप पुढे ढकलण्याच्या या सवयीकडे नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये लक्ष वेधले. दिवसाच्या एकाही तासावर ज्यांची सत्ता चालत नाही, ती माणसे रात्रीचा तास हातातून सुटू देत नाहीत; याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणून ‘मोबाइल बंद करा आणि झोपा’ एवढाच सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

कामानंतर बळ कशाने परत येते, याचा अभ्यास करताना झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार अनुभव सांगितले : कामापासून मनाने दूर होणे, शिथिल होणे, नवे काही जमल्याचा आनंद, आणि आपला वेळ आपण ठरवल्याची भावना. मोबाइलमुळे पहिला अनुभव थोडासा मिळतो. चौथा मिळाल्यासारखा वाटतो, पण पुढे काय पाहायचे हे तेथेही बव्हंशी दुसरेच कोणी ठरवत असते. तेव्हा रात्रीचा अर्धा तास राखाच, फक्त त्यात काय करायचे ते दुपारीच ठरवा : अर्धवट राहिलेली कादंबरी, विणकाम, एखाद्या वाद्याचा सराव, किंवा मैत्रिणीशी ठरलेल्या वेळेचे बोलणे. ज्याला स्वतःचा शेवट आहे असे काहीही चालेल. त्याच्या जोडीने, आठवड्यातील निदान दोन संध्याकाळी शुश्रूषेचा तासभर घरातील दुसऱ्या कोणी सांभाळावा, हे स्पष्टपणे मागा. विनंती म्हणून नव्हे, वाटणी म्हणून.

पडद्याच्या प्रकाशाविषयी तुम्ही ऐकले असेलच. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात आणि त्यांच्या संदेशाने मेलाटोनिन या रात्र झाल्याचा संकेत देणाऱ्या संप्रेरकाचे स्रवणे लांबते. ते खरे आहे, आणि त्यासाठी झोपेआधी घरातले सर्वच दिवे मंद करावेत. तरीही माझ्या मते प्रकाशापेक्षा न संपणारा मजकूर अधिक जागवतो. शुश्रूषेमुळे फोन बंद ठेवता येत नसेल तर घंटीचा आवाज चालू ठेवून तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, हात लांबवून मिळणार नाही अशा जागी.

प्रश्न : मी सव्वा तासाचा क्रम पाळतो : स्नान, श्वसन, ध्यान, कृतज्ञतेची वही, संगीत. सुरुवातीला उत्तम झोप लागली. आता यातील एखादी गोष्ट राहिली, की आज झोप येणार नाही असे वाटते, आणि खरोखर येत नाही.

तुमचा क्रम वाईट नाही, पण त्याच्यावर झोपेची जबाबदारी टाकल्यामुळे तो रोजची परीक्षा होऊन बसला आहे. झोपेचे संशोधक कॉलिन एस्पी यांनी दाखवले आहे, की चांगली झोपणारी माणसे झोपेसाठी काही करत नाहीत. लक्ष, हेतू आणि प्रयत्न तिच्याकडे वळले, की ती दूर पळते. म्हणून यातील दोनच गोष्टी ठेवा, ज्या तुम्हाला झोप आली नाही तरी आवडतात. प्रवासात, पाहुणे आलेले असताना किंवा तापाने फणफणलेले असताना जेवढे जमेल, तेवढीच त्या विधीची लांबी असावी.

आणि झोप आली नाही तर पडून राहून वाट पाहू नका. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम आजही उपचारात वापरला जातो : साधारण वीस मिनिटे झाली असे वाटल्यास, घड्याळ न पाहता, उठून मंद प्रकाशात दुसऱ्या खोलीत बसावे, डोळे जड झाल्यावरच अंथरुणाकडे परतावे, आणि सकाळी उठण्याची वेळ मात्र बदलू नये. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री अशी अवस्था तीन महिने राहिली, तर तो निद्रानाश समजून डॉक्टरांकडे जावे. तेथे निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तन उपचाराविषयी, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणाऱ्या उपचाराविषयी, अवश्य विचारा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी औषधांच्या आधी याच उपचाराची शिफारस केली आहे. घोरताना मध्येच श्वास थांबतो असे घरच्यांनी पाहिले असेल, किंवा पहाटे लवकर जाग येऊन दिवसभर उदास वाटत असेल, तर तीन महिने थांबू नये.