डेंग्यू बाहेरून येतो का?

प्रश्न : आमच्या शहरात इमारती वाढताहेत, तसा डेंग्यूही. बाहेरून येणारी माणसं रोग आणतात, असं सोसायटीत सगळे म्हणतात. धूरफवारणी नियमित होते. मग चुकतं कुठं?

उत्तर : विषाणू माणसाबरोबर येतो, हे खरं. पण विमानानं सहलीहून परतलेल्या शेजाऱ्याबरोबरही तो येतो. त्याच्याकडं कुणी बोट दाखवत नाही. आलेला विषाणू पसरतो तो तुमच्याकडच्या डासांमुळं. डेंग्यू पसरवणारा डास, एडिस इजिप्ती, फार लांब उडत नाही, बहुधा शे-दोनशे मीटर. तुम्हाला चावलेली मादी तुमच्याच आवारात, फार तर शेजारच्या इमारतीत जन्मलेली असणार.

शहर वाढतं त्या वेगानं पाण्याच्या पाइपलाइनी वाढत नाहीत. नळाला तासभरच पाणी म्हटल्यावर लोक पिंपं भरून ठेवणारच. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर कडेला. काळी, खसखशीएवढी. पिंप रिकामं करून वाळवलं तरी ती महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळं नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. आठवड्यातून एकदा पिंप आतून खसाखसा घासा, कारण अंडं फुटल्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. झाकणाला फट नको.

धूरफवारणीबद्दल माझं मत फारसं बरं नाही. धुरानं उडते डास मरतात, अळ्या-अंड्यांना काही होत नाही. हा डास घरात, कपाटामागं, टांगलेल्या कपड्यांत बसतो. रस्त्यावरचा धूर तिथवर कितीसा पोचणार? पण फवारणी लोकांना दिसते. पिंप घासलेलं दिसत नाही.

ब्राझीलनं घरोघरी पाणी तपासत हा डास हटवला होता. १९५८ मध्ये तसं जाहीरही झालं. पुढं पाळत सैल पडली, डास परतला. १९८६ मध्ये रिओत डेंग्यूची मोठी साथ आली आणि २०१५ मध्ये झिका हा दुसरा विषाणूजन्य आजार पसरवला तो याच डासानं.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत शेजारच्या बांधकामाचा विषय घ्या. लिफ्टच्या खड्ड्यात आणि स्लॅबवर साचलेलं पाणी पाहायला टॉर्च घेऊन दोघांनी जा. आणि ताप आलाच, तर पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं किंवा उलट्या थांबेनात, तर तडक दवाखाना गाठा. डेंग्यूत खरा धोका पुष्कळदा तेव्हाच सुरू होतो.