चवथीआधी लाकडी फ्लोअर घासून घ्यायला एफडी मोडू का?

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न असा की गोव्यातल्या पर्वरीच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि दोन बेडरूम धरून 620 स्क्वेअर फूट एंजिनियर्ड सागवानी फ्लोअर आहे, डायनिंगच्या खुर्च्या, सोफा आणि मुलाची वर्क फ्रॉम होमची चाकांची खुर्ची यांनी त्यावर ओरखडेच ओरखडे झालेत, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं गणगोत घरी येणार म्हणून त्याआधी अख्खं सँडिंग करून पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत संरक्षक कोटिंग) मारून घ्यायचंय. कॉन्ट्रॅक्टरनं रेट दिलाय 140 रुपये स्क्वेअर फूट, आणि तुम्ही विचारताय की त्यासाठी 3 लाखांची एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ. माझं मत स्पष्ट सांगते, दोन्ही नको, आणि हे काम तर आत्ता नकोच.

आधी आकडे बघूया. 620 गुणिले 140 म्हणजे 86,800, पण कोटेशनच्या खाली टॅक्स वेगळा असं लिहिलंय, 18 टक्के जीएसटी धरला तर बिल 1,02,424 वर जातं. तुमचा घरखर्च महिना 55 हजार, म्हणजे सहा महिन्यांचा अडीअडचणीचा फंड 3 लाख 30 हजार हवा, तो आत्ताच थोडा कमी आहे, आणि एफडी मोडलीत की उरतात दोन लाखांच्या आत, जेमतेम साडेतीन महिन्यांचे. वर मुदतीआधी मोडली की बँक जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा रेट लावते आणि बहुतेक ठिकाणी त्यातूनही अर्धा-एक टक्का कापते. पर्सनल लोनचं व्याज तर एफडीच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त, खुर्चीच्या ओरखड्यांसाठी दोन-तीन वर्षं हप्ते भरत बसायचं हे मला अजिबात पटत नाही.

पण यापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या पत्रात आलीच नाही, ती म्हणजे वरच्या खऱ्या लाकडाचा थर किती जाडीचा आहे. एंजिनियर्ड फळीत सागवान फक्त वर असतं, साधारण 2 ते 4 मिलिमीटर, खाली प्लाय. एका पूर्ण सँडिंगमध्ये त्यातलं अर्धा ते एक मिलिमीटर जातं आणि ते परत येत नाही, म्हणजे तुमच्या मुद्दलालाच हात लागतो. 2 मिलिमीटर असेल तर एकदा घासलं की संपलं, पुढच्या वेळी फळ्याच बदलायच्या. माळ्यावर एखादी उरलेली फळी असेल तर कडेनं बघा, नाहीतर दाराखालची पट्टी काढून बघता येतं.

दुसरं, पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कपडे वाळत नाहीत तिथे पीयू कसा नीट वाळणार, लाकूड ओल धरून फुगलेलं असतं, फिनिशवर पांढुरकी झाक येऊ शकते, आणि नंतर लाकूड सुकलं की सांध्यांत फटी दिसतात. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतलं.

मग चवथीपर्यंत काय करायचं? ओरखड्यावरून नख फिरवा, अडकत नसेल आणि ओल्या बोटानं पुसल्यावर रेघ दिसेनाशी होत असेल तर ती फक्त फिनिशमध्ये आहे, तिला हात लावू नका. नख अडकतं तिथे सागवानी रंगाची वॅक्स स्टिक भरून मऊ कपड्यानं पुसायचं. आता एक खुर्ची उलटी करा, पायाखालचा चिकटवलेला फेल्ट पॅड सरकून त्याच्या गोंदावर वाळूचे कण बसलेले दिसतील, तेच कण रोज फ्लोअर घासतात, वाळूतलं क्वार्ट्ज सागवानापेक्षा खूप कठीण असतं. खुर्च्यांना खिळ्याचे किंवा स्क्रूचे फेल्ट पॅड लावा, चिकटवायचे नकोत, साधं रबर पण नको, त्याचे डाग पडतात. मुलाच्या खुर्चीची कडक नायलॉनची चाकं काढून मऊ पीयूची बसवा, दाराबाहेर आणि आत अशी दोन पायपुसणी ठेवा. माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट) बांधायला स्टूल लागेल, चौरंग-टेबल हलवाल, तेव्हा दोघांनी उचला किंवा खाली जाड चादर घालून सरकवा. हे सगळं 5 हजारांच्या आत बसावं.

एकच अपवाद, बाल्कनीच्या दाराशी वगैरे फिनिश पूर्ण उडून उघडं लाकूड काळं पडायला लागलं असेल तर थांबू नका, तिथून पाणी आत जातं. कोरड्या दिवशी तेवढाच भाग करून घ्या, आणि पैसे अगदीच कमी पडले तर एफडी न मोडता तिच्यावर लोन घ्या, बहुतेक बँकांत एफडीच्या रेटपेक्षा 1-2 टक्के जास्त व्याज लागतं आणि एफडी चालू राहते.

मिस्टर म्हणतात पुढे फ्लॅट भाड्यानं देऊ, तेव्हा बिल टॅक्समध्ये दाखवू. तसं होत नाही, भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तुम्ही लाख खर्च करा की शून्य. आणि घराचा इन्शुरन्स असला तरी रोजच्या वापरानं झालेल्या ओरखड्यांचा क्लेम मिळत नाही.

ऑगस्टपासून सहा महिने 7 हजारांची आरडी सुरू करा, 42 हजार आणि वर व्याज. त्याच कॉन्ट्रॅक्टरकडून दुसरं कोटेशन मागवा, पूर्ण सँडिंग नको, फक्त वरचं फिनिश हलकं घासून पीयूचा नवा कोट, टॅक्स धरून. वॅक्स भरलेल्या जागा त्याला आधी दाखवा, वॅक्स साफ केल्याशिवाय वर पीयू धरत नाही. थराची जाडी आणि ते कोटेशन हातात आलं की मला कळवा, आरडी पुरते की हप्ता वाढवायचा ते तेव्हा बघू.