बांबूउडी शिकतोयस, तर आधी बुबकाचं बघ

अरे, तू सहाव्या दिवशीच 'पोल वाकत का नाही' म्हणून विचारलंस. वाकणार नाहीच! पोल हाताने वाकत नाही, धावेच्या वेगाने वाकतो. सध्या हात खाली धर, सहा पावलांची धाव घे आणि पोल सरळ ठेवूनच पलीकडे जायला शीक. पकड एक-एक मूठ वर सरकव. आणि दुसऱ्याचा पोल उसना घेताना त्यावर लिहिलेलं वजन (तो किती वजनाच्या माणसासाठी आहे ते) वाच, आपल्या वजनापेक्षा कमीचा असेल तर हात लावू नकोस.

बांबूउडीतला विक्रमवीर सर्गेई बुबका, त्याच्या उड्यांचे व्हिडिओ हळू चालवून बघ. इतरांपेक्षा वर पकड, जास्त कडक पोल, आणि ते पेलायला धावपटूसारखा वेग. उड्डाणाआधी हात पूर्ण वर गेलेले. १९८३ मध्ये हेलसिंकीला एकोणिसाव्या वर्षी जगज्जेता, १९८५ मध्ये पॅरिसला ६ मीटर, १९९४ मध्ये सेस्ट्रिएरेला ६.१४. सलग सहा जागतिक सुवर्णं. पण ऑलिम्पिक सुवर्ण एकच, १९८८ चं सोलचं. १९९२ मध्ये बार्सिलोनात तर एकही उंची पार झाली नाही: ५.७० ला दोनदा चुकला, तिसरा प्रयत्न ५.७५ ला ठेवला, तोही गेला. (मला त्याचे विक्रम नव्हे, हेच जास्त आठवतं.)

म्हणून स्पर्धेत सुरुवातीची उंची सरावात हमखास जमणाऱ्या उंचीपेक्षा खालची घे. मित्र बघतायत म्हणून चढवू नकोस.